आधी पाणी काढा, मग तेल द्या

(परभणी येथे भरलेल्या गॅरेजचालक, फिटर आणि कॉम्प्रेसरधारकांच्या जिल्हास्तरीय परिषदेतील अध्यक्षीय भाषण)

नऊ तालुक्यांतून आलेले गॅरेजवाले, टायरवाले, जिनिंगचे फिटर, साखर कारखान्यांतले आणि एसटीच्या आगारांतले मेकॅनिक, विहिरीवर कॉम्प्रेसर चालवणारे ट्रॅक्टरमालक, आणि मागच्या रांगांत बसलेली शिकाऊ लेकरं,

या खुर्चीसाठी तुम्हाला एखादा कारखानदार सहज मिळाला असता. तुम्ही आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवून निवृत्त झालेला माणूस बोलावलात. याचा अर्थ मी असा घेतो की तुम्हाला धोरणावर भाषण नको आहे, हत्यारावर हवं आहे. तेव्हा मराठवाड्याचा अनुशेष, उद्योगांचं मागासलेपण हे नेहमीचे विषय मी आज इतरांसाठी सोडतो. मी हवेवर चालणाऱ्या हातातल्या हत्यारांविषयी बोलणार आहे: त्यांची निगा कशी राखायची, त्यांना तेल कोणतं आणि किती द्यायचं, आणि हे सगळं करताना आपली बोटं, डोळे आणि कान शाबूत कसे ठेवायचे.

परभणीत हवेवर असं काय चालतं, असं बाहेरचा माणूस विचारील. पुण्याच्या कारखान्यांसारख्या जोडणीच्या लांबच लांब रांगा आपल्याकडे नाहीत, हे खरं. पण उसाचा हंगाम लागला की गंगाखेडच्या रस्त्याला रात्री दोन वाजता ट्रॉलीचं चाक खोलणारी इम्पॅक्ट गन ऐकू येते. मानवत-सेलूकडच्या जिनिंगमध्ये फिटर हवेच्या नळीने मशीनवरची रुई उडवत असतो. जिंतूर, पालमकडे उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी काळ्या खडकावर जॅकहॅमर दाबून धरलेला गडी असतो. या तिघांचा कॉम्प्रेसर वेगळा, मालक वेगळा, मजुरी वेगळी. पण तिघांची हत्यारं एकाच कारणाने खराब होतात, आणि तिघांना इजा साधारण एकाच वेळी होते. कारण म्हणजे पाणी आणि चुकीचं तेल. आणि वेळ? काम चालू असताना माणूस सावध असतो. सॉकेट बदलताना, नळी जोडताना, तेल घालताना, अडकलेला रॉड काढताना तो बेसावध असतो. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे. बाकी त्याचा तपशील.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यात आपल्या विहिरीसाठी एक धडा आहे. खंडाळ्याचा बोरघाट 1856 ते 1863 या काळात फोडला गेला. पहार, छिन्नी, घण आणि सुरुंगाची दारू एवढ्यावर ते काम झालं आणि हजारो मजूर त्यात दगावले. नेमक्या त्याच वर्षांत आल्प्स पर्वतातून फ्रान्स आणि इटली यांना जोडणारा रेल्वेचा बोगदा खोदला जात होता. 1857 साली ते कामही हातानेच सुरू झालं होतं. 1861 पासून झेर्मां सोमेये या अभियंत्याने तिथे दाबलेल्या हवेवर चालणारी ड्रिल आणली आणि 1871 मध्ये बोगदा वाहतुकीला खुला झाला. वाफेचं इंजिन त्या काळात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सोमेयेने हवा निवडली, कारण बोगद्यात वाफ सोडली असती तर माणसं गुदमरली असती. हवेच्या ड्रिलमधून जी हवा सुटत होती ती आतल्या मजुरांना उलट श्वासाला मिळत होती. हे लक्षात ठेवा, विहिरीकडे वळलो की याची गरज पडेल.

आपल्या राज्यात ही विद्या धरणं आणि बोगद्यांच्या निमित्ताने रुजली. कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पात कातळ फोडायला जॅकहॅमर होते. 1958 साली पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी उभी राहिली. पुढे कॉम्प्रेसर ट्रॅक्टरच्या मागे बसला आणि गावोगाव पोचला. यंत्र आलं, पण त्याच्याबरोबर येणारी माहितीची पुस्तिका खोक्यातच राहिली. ती इंग्रजीत होती, हेही एक कारण.

आता गनच्या पोटात शिरू. तुमच्यापैकी अनेकांनी ती उघडली असेल, पण मागची पोरं ऐकताहेत म्हणून सांगतो. आत एक गोल सिलिंडर असतो आणि त्याच्या मध्यापासून जरा सरकवून बसवलेला रोटर. रोटरला खाचा असतात आणि त्या खाचांत चार-सहा पात्या सैल बसवलेल्या असतात. हवा आत शिरली की रोटर फिरतो, पात्या बाहेर फेकल्या जातात आणि सिलिंडरच्या भिंतीला घासत राहतात. मिनिटाला हजारो फेरे. पाती आणि भिंत यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ थर असतो तोच सगळं काम करतो: घर्षण कमी करतो, हवेची गळती रोखतो, गंज लागू देत नाही. हा थर वाळला की पाती झिजते, खाचेत अडकते, हवा बाजूने पळते. मग मिस्त्री म्हणतो, गन उतरली. ती उतरलेली नसते, तहानलेली असते.

पण तेलाच्या आधी पाणी. पावसाळ्यातला एक साधा हिशेब मांडतो, वहीत उतरवून घ्या. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत आपल्याकडच्या एक घनमीटर हवेत साधारण 22-23 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. कॉम्प्रेसर ती हवा दाबून तिचं आकारमान आठव्या हिश्श्यावर आणतो आणि टाकीत ती थंड होते. दाबलेल्या हवेला तेवढं पाणी धरून ठेवता येत नाही. चार ग्रॅमच्या आसपास तिच्यात राहतं, उरलेलं अठरा-एकोणीस ग्रॅम पाणी होऊन खाली बसतं. पाच हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर तासाला तीस-पस्तीस घनमीटर हवा ओढतो, म्हणजे तासाला अर्ध्या लिटरहून जास्त पाणी. दिवसात चार तास जरी तो प्रत्यक्ष चालला, तरी दोन-अडीच लिटर झालं. ज्यांनी आठ दिवस टाकीखालचा कॉक उघडलेला नाही, त्यांनी आपल्या टाकीत किती हवा आणि किती पाणी आहे याचा विचार करावा.

हे पाणी दोन ठिकाणी खातं. नळीतून गनमध्ये जातं तेव्हा तेल धुऊन काढतं, बेअरिंगला गंज चढवतं, पात्या फुगवतं. आणि टाकीच्या तळाशी बसतं तेव्हा पत्रा आतून झिजवतं. टाकीला रंग आपण बाहेरून देतो, गंज आतून लागतो, त्यामुळे दिवाळीला नव्याने रंगवलेली टाकी दिसायला नवी आणि तळाला कागदासारखी असू शकते. दोनशे लिटरची टाकी आठ किलो दाबाने भरलेली असताना तिच्यात एक टन वजन सुमारे वीस मीटर उंच उचलण्याइतकी शक्ती कोंडलेली असते. ती टप्प्याटप्प्याने बाहेर आली तर दिवसभर नट खोलते. एकदम बाहेर आली तर शेडचा पत्रा आणि शेजारचा माणूस दोघांनाही नेते. म्हणूनच टाकीची मजबुती तपासताना ती पाण्याने भरून दाब देतात, हवेने नाही. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी फाटली तरी पाणी नुसतं सांडतं. कुणी मिस्त्री तुम्हाला हवा भरूनच टाकी टेस्ट करून देतो म्हणाला, तर त्याच्या दुकानातून बाहेर पडा.

यातच दुसरी सवय मिसळते. गन कमी ताकद दाखवते म्हणून आपण काय करतो? कॉम्प्रेसरचा कट-आउट वाढवतो. बहुतेक हातातली हत्यारं 90 पौंड दाबासाठी बनवलेली असतात, तेही हत्याराच्या तोंडाशी मोजलेले, टाकीवर नव्हे. आपण टाकीला दीडशे, एकशे सत्तर पौंडांपर्यंत नेतो. सेफ्टी व्हॉल्व्ह मधेच उडतो म्हणून त्याला तार बांधतो. मग दोन महिन्यांनी गनचा हातोडा फुटतो, पाती तुटते, आणि आपण कंपनीला शिव्या देतो. खरं दुखणं असतं अरुंद नळीत, सैल कपलरमध्ये, कोरड्या पात्यांत आणि गळतीत. तीन मिलिमीटरचं एक भोक सात किलो दाबाला सुमारे तीन किलोवॉट वीज खातं. म्हणजे पाच हॉर्सपॉवरच्या मोटरची जवळपास सगळी कमाई एका भोकातून फुस्स होते. अर्धा इंची गनला नळीचं आतलं छिद्र किमान तीन सूत हवं, दोन सुतांच्या नळीवर ती कितीही दाब दिला तरी उपाशी राहते. रात्री दुकान शांत असताना टाकी भरून ठेवा, कपलरवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे मोजा. विजेचं बिल पाहून हळहळण्यापेक्षा हे स्वस्त आहे.

बनी तो बनी, नहीं तो परभणी, असं आपल्याबद्दल म्हटलं जातं आणि आपणही ते हसत सांगतो. जुगाड करून वेळ निभावण्याचं आपलं कसब मोठं आहे, मला त्याचा अभिमान आहे. पण तार बांधलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हला मी जुगाड म्हणणार नाही.

आता तेल. गॅरेजमध्ये सगळ्यात स्वस्त तेल कोणतं? इंजिनमधून काढलेलं काळं जळकं ऑइल. फुकट असतं आणि डब्यात समोर असतं. म्हणून तेच गनमध्ये जातं. त्यात काजळी असते, धातूचा कीस असतो, आम्ल असतं. त्याने गन वंगण होत नाही, घासली जाते. नवं इंजिन ऑइलही नको. ते जाड असतं, आणि इंजिनची काजळी धरून ठेवण्यासाठी त्यात जी द्रव्यं मिसळलेली असतात ती गनमध्ये पाण्याशी मिळून चिकट लगदा करतात. पात्या खाचेत चिकटतात, थंडीच्या सकाळी तर ट्रिगर दाबला तरी गन हलत नाही. हवेच्या हत्यारांसाठी वेगळं पातळ तेल मिळतं. बाटलीवर आयएसओ व्हीजी 22 किंवा 32 असं छापलेलं असतं. तुमच्या गनच्या पुस्तिकेत जो आकडा दिला असेल तो पाळा. एक छोटी बाटली दोन-तीन पंक्चरच्या कमाईत येते आणि थेंबाथेंबाने वापरली तर बरीच पुरते. जॅकहॅमरचं तेल मात्र वेगळं, जाड आणि चिकट, रॉक ड्रिल ऑइल म्हणून मिळणारं. गनचं तेल हॅमरला आणि हॅमरचं गनला, असं करू नका. कॉम्प्रेसरच्या क्रँककेसमधलं तेल हे तिसरं. तीन डबे, तीन रंगांच्या झाकणांचे ठेवा, म्हणजे पोरगा घाईत चुकणार नाही.

डिझेल, पेट्रोल, रॉकेल याबद्दल मला कडक बोलायचं आहे. अडकलेली गन मोकळी करायची म्हणून आत डिझेल ओतून ट्रिगर दाबायची पद्धत सर्रास आहे. डिझेल मळ काढतं, हे खरं. पण त्याबरोबर उरलंसुरलं तेलही काढतं, आणि दाबलेल्या हवेबरोबर त्याची बारीक फवार होते. ही फवार आणि हवा यांचं मिश्रण पेट घेतं. शेजारी कुणी वेल्डिंग करत असेल, ग्राइंडरच्या ठिणग्या उडत असतील, तर बाकी सांगायला नको. गन चिकटली असेल तर ती नळीपासून सोडवा, पूर्ण खोला, भाग मोकळ्यावर धुवा, वाळवा, पात्या तपासा, तेल लावून जोडा. अर्धा तास लागतो. तो अर्धा तास द्या.

त्याहून भयंकर एक गोष्ट सांगतो. कॉम्प्रेसर बंद पडला की गॅस वेल्डिंगच्या ऑक्सिजन सिलिंडरला नळी लावून गन चालवण्याचा विचार कुणाच्या तरी डोक्यात येतो. गनमध्ये तेल आहे. शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेलाला पेटायला काडी लागत नाही, तो दाबच पुरतो. हे कधीही, कोणत्याही कारणाने करायचं नाही. तेलकट हाताने ऑक्सिजनच्या रेग्युलेटरलाही शिवायचं नाही.

तेल द्यायचं कसं? सकाळी गन जोडण्याआधी हवेच्या तोंडात चार-पाच थेंब. सलग काम असेल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. संध्याकाळी काम संपल्यावर आणखी दोन-तीन थेंब घालून कमी दाबावर पंधरा-वीस सेकंद मोकळी फिरवा, म्हणजे आतलं पाणी निघून जातं आणि रात्रभर पात्यांवर तेल राहतं. बहुतेक लोक सकाळचं तेल घालतात, संध्याकाळचं विसरतात. गंज रात्री चढतो, म्हणून दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर संध्याकाळचं घाला. तेल घातल्यावर पहिल्यांदा ट्रिगर दाबताना एक्झॉस्टचं तोंड आपल्याकडे नको, समोरच्याकडेही नको. तिथे जुनं फडकं धरा. तेलाचा तो पहिला फवारा डोळ्यात गेलेले लोक या सभागृहात नक्की असतील.

रोज थेंब घालायचा कंटाळा येत असेल तर लाइनवर लुब्रिकेटर बसवा. क्रम मात्र चुकू नये: आधी पाणी अडवणारा फिल्टर, मग दाब ठरवणारा रेग्युलेटर, शेवटी लुब्रिकेटर, आणि तो गनपासून तीन मीटरच्या आत. टाकीजवळ बसवलात तर तेल नळीच्या भिंतीलाच चिकटून राहील. दर दहा सीएफएम हवेमागे मिनिटाला एक थेंब हा जुना अंदाज आहे. बरोबर की चूक हे कळण्यासाठी एक्झॉस्टसमोर पांढरा कागद धरा. किंचित तेलकट डाग आला तर ठीक. कागद कोराच राहिला तर कमी, थेंब टपकले तर जास्त. जास्त तेलही चांगलं नाही, ते मूठ निसरडी करतं, फरशी निसरडी करतं आणि धुक्यासारखं छातीत जातं. आणि ज्या नळीवर लुब्रिकेटर आहे ती नळी रंगाच्या गनला लावू नका. रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात आणि ट्रॅक्टरचा मालक पैसे देत नाही.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. इम्पॅक्ट गनला दोन पोटं असतात. मागच्या मोटरला तेल लागतं, पुढच्या हातोड्याच्या खोक्याला ग्रीस किंवा वेगळं तेल. मागे घातलेलं तेल पुढे पोचत नाही. महिन्यातून एकदा पुढचं खोकं उघडून पाहा.

ग्राइंडरची निगा हा नुसता आयुष्य वाढवण्याचा प्रश्न नाही. हवेच्या मोठ्या ग्राइंडरमध्ये वेग आवरणारा गव्हर्नर असतो. चिकट तेलाने, गंजाने तो अडकला की वेग वाढत जातो आणि आपल्या कानाला वाटतं मशीन आज मस्त पळतंय. चार इंची चाकावर साधारण 15,300 फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. छोट्या डाय ग्राइंडरचा वेग वीस-पंचवीस हजारांपर्यंत असतो. त्यावर चार इंची चाक चढवणारे उस्ताद मी पाहिलेत. चाक फुटतं तेव्हा त्याचे तुकडे कुठे जायचं ते विचारत नाहीत. सर्व्हिस केलेला ग्राइंडर जोडण्याआधी टॅकोमीटरने मोकळा वेग मोजा, चाकावरचा आकडा त्याच्याहून मोठा असेल तरच चाक चढवा. गार्ड काढून ठेवलेल्या ग्राइंडरविषयी मी काही बोलत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. गनवर साधे चकचकीत हाताचे सॉकेट लावणंही तसंच. ते तडकतात. काळे, जाड, इम्पॅक्टचेच सॉकेट वापरा.

सॉकेट, चाक, छिन्नी काहीही बदलायचं असेल तर आधी हवा बंद, मग ट्रिगर दाबून नळीतला दाब मोकळा, मग नळी वेगळी, मग हात. या चार पायऱ्यांना दहा सेकंद लागतात. नळी हातात मुडपून धरून, हवा चालूच ठेवून सॉकेट बदलणं हे आपल्याकडे कौशल्य समजलं जातं. मला विचाराल तर तसं करणाऱ्या मिस्त्रीकडे शिकाऊ पोरगा ठेवू नये.

जिनिंगवाल्यांसाठी वेगळं सांगतो. तुमच्याकडे हवेची नळी झाडूसारखी वापरली जाते. मोटरवर बसलेली रुई उडवली की ती हवेत तरंगते, पेटायला सोपी होते आणि गरम बेअरिंगवर किंवा उघड्या स्विचवर जाऊन बसते. जिथे ओढून घेणारा झाडू वापरता येईल तिथे हवा मारू नका, मारायची तर मशीन बंद आणि गार असताना. कॉम्प्रेसरचं हवा ओढणारं नाक रुईच्या शेडबाहेर काढा. त्याचा फिल्टर रुईने बुजला की कॉम्प्रेसर तापतो, तेल जळतं, डिलिव्हरी पाइपात कोळसा धरतो आणि तोही एक दिवस पेटतो. संध्याकाळी घरी जाताना अंगावरची रुई हवेने झटकण्याची सवय तर बंदच करा. दाबलेली हवा कातडीच्या जखमेतून आत शिरते, कानाचा पडदा फाडते. आणि थट्टा म्हणून कुणाच्या पाठीमागून नळी लावल्याने आतडी फाटून माणसं मेल्याच्या बातम्या आपल्या देशात पुन्हा पुन्हा आल्या आहेत. ज्या दुकानात असली थट्टा चालते तिथला मालक जबाबदार आहे, हसणारे सगळे जबाबदार आहेत.

आणि आता विहीर. मला सगळ्यात जास्त काळजी याची आहे. गॅरेजात नळी सुटली तर माणूस पळतो. चाळीस-पन्नास फुटांवर विहिरीच्या तळाला, चारी बाजूंनी खडक, तिथे तो पळणार कुठे? कपलर निसटलेली जाड नळी फटके मारत नाचते. म्हणून प्रत्येक जोडावर तारेचा सुरक्षा-फास पाहिजे, पिन पाहिजे. फासाची तार हार्डवेअरच्या दुकानात मिळते, पण आपण कपलरला सुतळी बांधतो.

जॅकहॅमरचं तेल ट्रॅक्टरजवळच्या डब्यातून देऊ नका. वर घातलेलं तेल पंधरा-वीस मीटर नळीच्या भिंतीला लागूनच संपतं आणि खाली हॅमर कोरडा ठोकत राहतो. लुब्रिकेटर खाली, हॅमरपासून तीन-चार मीटरवर लावा. कोरडा हॅमर जास्त थरथरतो आणि ती थरथर माणसाच्या हातात जाते. 1918 साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या बेडफर्ड गावी डॉक्टर अॅलिस हॅमिल्टन यांनी हवेच्या छिन्नीने चुनखडी घडवणाऱ्या पाथरवटांची बोटं तपासली होती. थंडीत ती पांढरी पडत, बधिर होत. आपल्या जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. ज्याची बोटं सकाळी पांढरी पडतात, त्याला आळशी म्हणू नका, डॉक्टरकडे न्या. हॅमर घट्ट आवळून धरायचा नसतो, त्याच्या वजनाला काम करू द्यायचं असतं. हे नव्या गड्याला पहिल्या दिवशी सांगा.

आता सोमेयेच्या बोगद्याची आठवण करा. तिथे हत्यारातून सुटणारी हवा मजुरांना श्वासाला मिळत होती. आपल्या विहिरीत काय होतं? ट्रॅक्टर काठावर उभा असतो, त्याचा सायलेन्सर आणि कॉम्प्रेसरचं हवा ओढणारं नाक शेजारी शेजारी. वारा त्या बाजूचा असला की डिझेलचा धूर कॉम्प्रेसर ओढतो आणि नळीतून थेट तळाशी माणसाच्या नाकापुढे पोचवतो. त्यातला विषारी वायू रंगाचा नाही, वासाचा नाही. उकाड्यात गडी तीच नळी अंगावर सोडून गारवा घेतो. म्हणून ट्रॅक्टर काठापासून लांब, वाऱ्याची दिशा पाहून उभा करा, आणि नाकाला पाइप जोडून ते वाऱ्याच्या बाजूला दूर न्या. पाच-सहा फुटांचा पीव्हीसी पाइप एवढाच खर्च आहे. धूळ दाबायला भोकात पाणी सोडा, कोरडं होल मारू नका. आणि जुन्या सुरुंगाच्या भोकात पुन्हा रॉड घालू नका, तिथे न उडालेली दारू असू शकते. कानात बोळे तर सगळीकडेच हवेत, जॅकहॅमरला ते सोडून चालतच नाही.

कायद्याचं एक वाक्य बोलतो. कारखान्यांतल्या दाबाखालच्या यंत्रांसाठी कायदा आहे. पण तुमचं-माझं दोन-तीन माणसांचं गॅरेज, विहिरीवरचा ट्रॅक्टर या कायद्याच्या कक्षेत बसत नाही. इन्स्पेक्टर येत नाही, दंड होत नाही, म्हणून आपण मोकळे आहोत असं समजू नका. आपली टाकी तपासणारं दुसरं कुणीच नाही, असा त्याचा अर्थ आहे.

तेव्हा या परिषदेने तीन ठराव करावेत अशी माझी विनंती आहे. एक, प्रत्येक तालुक्याने वर्गणी काढून हाताने चालणारा पाण्याचा टेस्ट-पंप घ्यावा, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली सभासदांच्या टाक्या त्यावर तपासाव्यात आणि तारीख टाकीवर रंगाने लिहावी. दोन, स्पेअर पार्टच्या दुकानदारांनी हवेच्या हत्याराचं तेल छोट्या बाटल्यांत काउंटरवर ठेवावं. आज ते मागितलं तर संभाजीनगरहून मागवावं लागेल, असं उत्तर येतं, आणि पोरगा जळक्या ऑइलच्या डब्याकडे वळतो. तीन, चौदा वर्षांखालच्या लेकराला दुकानात ठेवायचंच नाही, तो गुन्हा आहे. आणि त्याहून मोठ्या शिकाऊ पोराच्या हातात गन देण्याआधी त्याला हवा बंद करून नळी कशी सोडायची हे दाखवायचं आणि त्याच्याकडून करून घ्यायचं.

ठराव होतील तेव्हा होतील. उद्या सकाळी दुकान उघडल्यावर मात्र प्रत्येकाने एक काम करावं. टाकीतला दाब आठ-दहा पौंडांवर उतरवा, बाजूला उभे राहा आणि तळाचा कॉक हळू उघडा. नुसतं पाणी आलं तर ते पूर्ण निघू द्या, कॉक बंद करा आणि कामाला लागा. पाण्याबरोबर गंजाच्या खपल्या आल्या, तर त्या दिवशी कॉम्प्रेसर सुरू करू नका. टाकी तपासायला पाठवा.